लाखेचा पंखा

तर पावणं, आधीच सांगून ठेवतो, मी चोर हाय. मागनं कुणी म्हणायला नगं की गौस मिस्त्रीनं लपवलं. कुणाच्या खिशात हात घातला न्हाय, कुणाचा नट पळवला न्हाय. शर्यतीच्या गाडीत चोरी केली, एवढंच. बारा वर्षं केली आन् त्यातली अकरा वर्षं पकडला गेलो. सुटलो ते एकाच वर्षी, आन् त्या वर्षाचंच सांगायचंय.

कागलच्या वाटंला माळ हाय. संक्रांतीनंतरच्या रविवारी तिथं आमचं मोटार मंडळ शर्यत घ्यायचं, सदुसष्ट सालापास्नं. चुन्याच्या रेघा मारून रिंगण आखायचं, बाजूनं दोर लावायचा आन् पंधरा फेऱ्या. गाड्या म्हणाल तर फियाट, अँबॅसेडर, हेराल्ड, घरच्याच. नियमाची चोपडी मोठी हुती, पण मतलब एकच, गाडी कंपनीतनं आली तशीच पायजे. वजन कमी करायचं न्हाय, इंजनला हात लावायचा न्हाय, स्टेपनीसुद्धा काढायची न्हाय. आता मला सांगा, गाडी आली तशीच पळवायची असंल तर मिस्त्री कशाला पायजे? आरती ओवाळायला?

आमची फियाट हुती शाहूपुरीतल्या वसंतशेठची. गुळाचा अडत्या. माणूस दिलदार, गाडी चालवायला वाघ, पण बोनेट उघडलं की त्याला डायनामो आन् चुलीवरचं पातेलं सारखंच. "पयला नंबर आणा मिस्त्री, कसा आणला ते मला सांगू नका," म्हणायचा. म्हणजे बघा, मी वर्षभर डोकं शिणवायचं आन् मालकालाच ऐकायचं न्हाय. घरात माझी ताजबी हुती तवर तिला सांगायचो. तिला त्यातलं काय कळायचं न्हाय, पण भाकरी थापता थापता "मग पुढं?" म्हणायची. एकाहत्तर साली ती गेली. पोरगा शमशुद्दीन कुवेतला गेला, त्याच्या पत्रात सगळ्यांची खुशाली आन् उन्हाचा कडाका. मग सांगायचं कुणाला? गॅरेजच्या भिंतीला?

एकच माणूस हुता. दत्तोपंत.

पंत टेक्निकल शाळेत ड्रॉइंग शिकवायचे आन् मंडळाचे तपासनीस हुते. उंच, सडपातळ, डोक्याला काळी टोपी. शर्यतीच्या आधी प्रत्येक गाडी त्यांच्याफुडं उभी करायची. ते गाडीजवळ यायचेच न्हाईत. दहा पावलं लांब, हात पाठीमागं बांधून नुसतं बघत राहायचे. पोरं हसायची. मी बी हसलो हुतो, पयल्या वर्षी.

तर पयल्या वर्षाचं ऐका. गाड्यांचं वजन व्हायचं कारखान्यावर, उसाच्या काट्यावर, शर्यतीच्या आधी. शर्यत झाल्यावर न्हाय. ही फट मला दिसली. सीटच्या खालचं, दारातलं बरंच लोखंड मी काढून टाकलं आन् वसंतशेठकडनं काकवीचे चार डबे आणून दाराखालच्या पोकळ पत्र्यात ओतले. खाली बारीक भोकं. सकाळच्या गारठ्यात काकवी घट्ट, थेंब गळायचा न्हाय. सायलेन्सर तापला की पातळ होणार आन् चार फेऱ्यांत गाडी मोकळी. काट्यावर जड, रिंगणात हलकी. मला तर माझाच हेवा वाटला.

पंत आले, उभे राहिले. पाच मिनिटं झाली, हालंनात. म्हणलं, म्हातारा उभ्या उभ्या झोपला की काय. मग हळूच म्हणले, "मिस्त्री, या मंडळींनाही शर्यतीत उतरवताय का?"

बघतोय तर मुंगळ्यांची ही लांब रांग! माळावरनं टायरावर, टायरावरनं दारात. तिच्यायला, साखर कारखान्याच्या मुलखात जल्म गेला आन् गोडाला मुंगळा लागतो ते मला सुचलं न्हाय!

वाटलं, आता सगळ्यांदेखत अब्रू जाणार. पण पंतांनी मला बाजूला घेतलं. खिशातनं वही काढली. म्हणले, "भोकं किती मिलिमीटरची? किती फेऱ्यांत रिकामं होईल, हा अंदाज कसा बांधलात?" मी सांगत गेलो, ते लिवत गेले, चित्र बी काढलं. अर्धा तास आमी दोघं त्या माळावर काकवीवर बोललो. शेवटी म्हणले, "फार सुंदर. आता हे सगळं धुऊन काढा, लोखंड परत बसवा आणि मग उतरा."

फार सुंदर! पावणं, उभ्या जल्मात मला कुणी तसं म्हणलं नव्हतं. त्या साली आमची गाडी पाचवी आली आन् वसंतशेठनं शिव्यांची लाखोली वाहिली. मी घरापतोर शीळ वाजवत गेलो.

मग ते सुरूच झालं. एका साली सिनेमाच्या स्टुडिओत सेट करणाऱ्या कारागिराला धरलं आन् कागदाच्या लगद्याची स्टेपनी करून घेतली. काळा रंग, वरनं टायराच्या रेघा, हातात घेतली तर परातीएवढं वजन. कुणाची छाती न्हाय वळखायची. पंतांनी दहा पावलांवरनं बघितलं आन् म्हणले, "स्टेपनीत हवा कमी वाटते, मिस्त्री. तेवढी भरून आणा." आता कागदात हवा कुठनं भरू? मी हातात पंप घेऊन उभा, ते टोपीखाली हसत्यात. मग वही निघाली. लगद्यात मेथीचं पीठ घातलंय म्हणल्यावर "कशासाठी?" म्हणून विचारलं. मेथीनं लगदा चिवट होतो, तडकत न्हाय, हे सांगताना मला असा आनंद झाला की काय सांगू.

खरं सांगतो, तवापास्नं मी पयल्या नंबरासाठी गाडी करायची सोडली. मी पंतांसाठी करायचो. वर्षभर डोक्यात एकच, औंदा पंतांना काय दाखवायचं. ते पकडणार ह्याची खात्री असायची, आन् पकडल्यावर वही निघणार ह्याची बी.

पण माणूस नियमाचा पक्का. स्पर्धकाच्या हातचा चहा घ्यायचा न्हाय, कुणाच्या घरी जायचं न्हाय, कुणाला बोलवायचं न्हाय. बिंदू चौकात एकदा समोरासमोर आलो तर नमस्कार केला आन् सरळ निघून गेले. मी आपला हात जोडून रस्त्यात उभा. म्हणजे वर्षाचा अर्धा तास. त्या अर्ध्या तासावर मी बाकीचं वर्ष काढायचो. हसू नका, घरात दुसरं ताट वाढायला माणूस नसलं की कळतंय.

आता लाखेकडं येतो. सत्याहत्तरची दिवाळी झालती. गुजरीत एका सोनाराची स्कूटर बघायला गेलतो. तो साजाचे मणी भरत बसलेला. वर सोन्याचा पातळ पत्रा आन् आत लाख. दिव्यावर धरली की लाख मऊ, गार झाली की दगड. मी स्कूटर सोडून तेच बघत बसलो. सोनार म्हणला, "मिस्त्री, साज कुणाला करायचाय?" म्हणलं, "फियाटला."

गाडीच्या रेडिएटरमागं पंखा असतो, बघितला असंल. इंजनच त्याला फिरवतंय, म्हणजे इंजनची थोडी ताकद तो खातो. गाडी जोरात पळाय लागली की समोरचा वारा रेडिएटर गार ठेवतोय, पंख्याचं तवा काय काम न्हाय. नुसता आयतोबा. पण नियमात लिवलंय, पंखा पायजे, पट्टा पायजे. ठीक हाय, ठेवू की! मी पंख्याचं मधलं भोक थोडं मोठं केलं आन् दांडा आन् पंखा ह्यांच्यामधी लाख भरली. गार असताना पंखा घट्ट, दांड्याबरोबर फिरतोय. इंजन तापलं की लाख मऊ, दांडा फिरतोय आन् पंखा नुसता लोंबकळतोय. शर्यत झाली, गार झालं, पंखा परत घट्ट. हाय का न्हाय?

सात वेळा फसलो. कधी लाख लवकर वितळायची, कधी तडकायची. सोनाराला विचारून त्यात राळ घातली, विटेची पूड घातली. आठव्यांदा जमलं. त्या दिवशी गॅरेजमधी मी एकटाच नाचलो. मग स्टुलावर बसून पंतांबरोबर बोललो. म्हणजे पंतांचं बी मीच बोललो. "राळ किती, मिस्त्री?" "चौथा हिस्सा, पंत." "विटेची पूड चाळून घेतलीत?" "दोनदा."

हे पकडायची एकच युक्ती हुती. गाडी उभ्यानं दहा मिनिटं चालू ठेवायची आन् पंख्याकडं बघत राहायचं. पंतांशिवाय ते कुणाच्या बापाला सुचणार नव्हतं.

अठ्ठ्याहत्तरची संक्रांत झाली. रविवारी माळावर गाडी लावली आन् बघतोय तर पंतांच्या जागी टेबल मांडून बसलेला एक तरणा इंजिनेर. शिरोळकर म्हणून. हातात छापील कागद.

"स्टेपनी?"

"हाय."

"जॅक?"

"हाय."

"पंखा, पट्टा?"

"हाय की. साहेब, पंखा जरा नीट बघा."

त्यानं वाकून बघितलं. "आहे ना पंखा. काय झालं त्याला?"

"गाडी चालू करून बघा. दहा मिनिटं ठेवा."

"कशाला?"

"बघा तर खरं."

"मिस्त्री, अजून अकरा गाड्या आहेत माझ्याकडे," म्हणला आन् टिक मारली. चार मिनिटांत माझं वर्ष संपलं.

आन् गाडी पयली आली. बारा वर्षांत पयल्यांदा. वसंतशेठनं मला उचलून घेतलं, गळ्यात हार घातला, पेढा कोंबला. लोक टाळ्या वाजवत्यात आन् माझ्या डोळ्याला पाणी. वसंतशेठला वाटलं आनंदानं. मी त्याला बाजूला ओढलं आन् विचारलं, "पंत कुठायत?"

"काढलं की त्यास्नी. दिसत न्हाय म्हणं आता. पेठ वडगावला जाऊन राह्यलेत. बरं झालं, लई छळलं म्हाताऱ्यानं आपल्याला."

शर्यतीनंतर गाडी गॅरेजला न्यायचं काम माझंच असायचं. मी गावात वळलोच न्हाय. शिरोलीचा पूल ओलांडला आन् सरळ वडगाव. बारा वर्षांत ज्या माणसाचं घर मला म्हाईत नव्हतं, त्याचं घर विचारत विचारत चार वाजता दारात गाडी लावली.

त्यांच्या बायकोनं दार उघडलं. माई म्हणत्यात तिथं त्यांना. मागनं पंतांचा आवाज, "फियाट आहे. कोण आहे?"

"मी गौस, पंत."

"अरे! मिस्त्री!" काठी नव्हती, पण भिंतीला हात लावत लावत बाहेर आले. चष्म्याची काच ही जाडी. एका वर्षात माणूस निम्मा झालता.

"शर्यतीची गाडी हाय पंत. तपासायची राह्यलीय."

"शिरोळकरांनी तपासली असेल की."

"त्याला तपासणी म्हणत्यात व्हय?"

ते हसले. मग म्हणले, "आधी चहा. आता हरकत नाही. आता मी कोणीच नाही." चहा येईस्तवर बोलत हुते. "नुसता निरोप आला हो, पत्रसुद्धा नाही. म्हणे, डोळ्यांनी दिसत नाही. गेल्या वर्षी एका गाडीचा नंबर चुकला माझा, तेवढं धरून बसले. मी निरोप पाठवला, नंबर सोडा. मला अशी एक गाडी दाखवा, जिच्यातली लबाडी मला सापडली नाही. एक! उत्तर नाही आलं."

"देणार कुठनं," मी म्हणलो.

"तेच तर," म्हणले. मग माईंना हाक मारून टोपी मागवली. घरच्या अंगणात, स्वतःच्या दारात, टोपी घालून गाडी तपासायला उभे राहिले. दहा पावलं लांब, हात पाठीमागं. लई वेळ उभे हुते. मी बघितलं, त्यांचं तोंड गाडीकडं नव्हतं, जरा डावीकडं, कुंपणाकडं हुतं.

मग ते जवळ आले. पंत गाडीला हात लावायचे न्हाईत कधी, पण त्या दिवशी हातानंच चालले. दार चाचपलं, दाराखालच्या पत्र्यावरनं बोट फिरवलं, वाकून वास घेतला. स्टेपनीवर टिचकी मारली. मी बोनेट उघडून धरलं. प्लग, कार्बोरेटर, नळ्या, सगळ्यावरनं बोटं गेली आन् पंख्यावर आली.

माळावर तापून तापून, आन् मग एवढ्या लांबच्या वाटंनं, लाख थोडी बाहेर आलती. पंख्याच्या मधोमध तांबडी रेघ दिसत हुती, शाळंतल्या पोरानं सुद्धा बघितली असती. पंतांचं तोंड तिच्यापास्नं वीतभर हुतं. त्यांनी पंखा धरून हलवला. चहापाण्यात गाडी गार झालती, पंखा घट्ट. मी मनात म्हणत हुतो, चालू करा म्हणा पंत, गाडी चालू करा म्हणा.

"पट्टा नवा घातलात," म्हणले आन् हात पुढं गेला.

पाऊण तास चाललं ते. शेवटी सरळ उभे राहिले, कंबरंवर हात ठेवून. दमले हुते. "नाही," म्हणले. "हिच्यात काही नाही." मग माझ्याकडं, म्हणजे माझा आवाज जिथनं येत हुता तिकडं तोंड करून विचारलं, "आहे का?"

आता सांगा पावणं, तुमी काय केलं असतं? मी त्याच्यासाठीच आलतो. त्याच्यासाठीच आठ वेळा लाख वितळवलती. नुसतं "पंखा" म्हणलो असतो की वही निघाली असती, "फार सुंदर" निघालं असतं. आन् त्याच दमात त्यांना कळलं असतं की लबाडी न सापडलेली ती एक गाडी हीच. मंडळाला दाखवता आली नव्हती ती, आन् दाखवायला त्यांच्या दारात कोण आलता तर मी.

"न्हाय पंत," म्हणलो. "औंदा सरळ गाडी हाय. काय केलेलं न्हाय."

त्यांच्या तोंडावर समाधान आलं. आलं ते मी बघितलं, आन् लगेच गेलं ते बी बघितलं.

"काहीच नाही?"

"न्हाय."

माई दारात उभ्या हुत्या. पंतांनी टोपी काढली, हातात धरली. "मी वर्षभर विचार करत होतो, मिस्त्री. मला काढलं तरी विचार सुटेना. म्हटलं, यंदा ते काय आणतील? राहिलंय काय आता? आणि माझ्या मनात पंखा आला. पंखा नुसता ओझं आहे हो, वेग घेतल्यावर. गार असताना घट्ट आणि तापल्यावर मोकळा, असं काही करता आलं तर? मेणानं, समजा. मला खात्री होती तुम्हाला सुचेल. सुचलं नाही का?"

जिभंवर आलतं. मेण न्हाय पंत, लाख! मेण धरत न्हाय, लाख, राळ आन् विटेची पूड! सगळ्या कोल्हापुरात दोनच माणसांच्या डोक्यात तो पंखा हुता आन् ती दोघं एका बोनेटजवळ उभी हुती. मी दात गच्च दाबून धरले.

"न्हाय सुचलं, पंत."

त्यांनी चाचपत चाचपत माझा खांदा शोधला आन् त्याच्यावर हात ठेवला.

"असू द्या, मिस्त्री," म्हणले. "तुमचंही वय झालं."

मी व्हय म्हणलो.